टपकणारा वॉल्व्ह बुजवू नका

घरातली दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, आम्ही निफाड तालुक्यात राहतो. पाणी बोरचं, गच्चीवर टाकी आहे. सहा वर्षांपूर्वी २५ लिटरचा गिझर बसवला, तो आजवर एकदाही उघडलेला नाही. उन्हाळ्यात तीन बादल्या छान गरम पाणी मिळतं, थंडीत मात्र तिसऱ्या माणसाला कोमट पाण्यावर भागवावं लागतं. चालू केला की आतून तडतड आवाज येतो. मागच्या हिवाळ्यात खालच्या वॉल्व्हमधून थेंब थेंब गळायचं म्हणून घरच्यांनी त्याच्या तोंडाला एम-सील लावलं, तेव्हा गळणं थांबलं. यंदा थंडीच्या आधी काय काय करून घ्यावं?

उत्तर : ताई, बाकीचं सगळं पुढे सांगतो. आधी गिझरचं बटन बंद करा आणि तो वॉल्व्ह बदलेपर्यंत पुन्हा चालू करू नका. घरात सगळ्यांना सांगा, बटनावर कागद चिकटवा. तुमच्या पत्रातलं ते एम-सीलचं वाक्य वाचल्यावर मी बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहायला बसलो.

तो वॉल्व्ह बिघडला होता असं तुम्हाला वाटलं. बहुधा तो त्याचं काम चोख करत होता. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी १२ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की सुमारे ४०० मिलिलिटरने वाढतं, म्हणजे दोन फुलपात्री भरून. थंड पाण्याच्या तोंडाशी बसवलेला तो पितळी वॉल्व्ह पाणी आत येऊ देतो, पण मागे जाऊ देत नाही. मग हे वाढलेलं पाणी जाणार कुठे? नळ बंद, मागची वाट बंद. टाकीतला दाब चढत जातो आणि साधारण ८ बारच्या आसपास वॉल्व्ह थेंब थेंब सोडून तो उतरवतो. ८ बार म्हणजे ८० मीटर उंच टाकीचा दाब. तुमच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब १ बारसुद्धा भरत नाही, यावरून अंदाज घ्या.

आता ते तोंडच बुजवलं. वर्षभर काही झालं नाही, कारण कुठल्यातरी सांध्यातून किंवा नळाच्या वायसरमधून दाब झिरपत असणार. पण एखाद्या दिवशी ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला आणि कॉइल तापतच राहिली, तर पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही दाबामुळे पाणीच राहतं. टाकी फाटली की त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. सिन्नरकडच्या एका घरात असा फाटलेला गिझर मी पाहिला आहे. टाइल्ससकट भिंतीचा तुकडा निघाला होता, छताचं प्लास्टर खाली आलं होतं. त्या वेळी बाथरूममध्ये कोणी नव्हतं म्हणून निभावलं. तिथेही वॉल्व्हच्या जागी साधा निपल बसवलेला होता, आणि जादा तापल्यावर वीज तोडणारा कटआउट ‘सारखा पडतो’ म्हणून कुणीतरी डायरेक्ट करून टाकला होता. दोन्ही राखणदार एकदमच घालवले होते.

म्हणून नवा वॉल्व्ह घ्या. काही शे रुपयांचं काम आहे. त्याच्या गळण्याच्या तोंडाला बारीक नळी जोडा आणि तिचं दुसरं टोक उतार देऊन मोरीपर्यंत न्या. ते टोक कायम उघडं राहू द्या. गिझर तापताना तिथून थेंब पडले तर पडू द्या. गिझर बंद आणि पाणी गार असतानाही धार लागली, तर मात्र वॉल्व्हच्या बैठकीत क्षाराचा कण अडकलेला असतो. त्यावरची छोटी दांडी दोन-चारदा उचलून सोडली की बहुतेक वेळा कण निघून जातो. ती दांडी महिन्यातून एकदा उचलायची सवय लावा. बोरच्या पाण्यात ती न हलवल्यास जागच्या जागी जाम होते.

आता तिसऱ्या बादलीचं बघू. निम्मा दोष गिझरचा नाही, थंडीचा आहे. अंघोळीला ४० अंशांचं २० लिटर पाणी लागतं असं धरा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी २८ अंश असतं, तेव्हा एका बादलीत ६० अंशांचं साडेसात लिटर गरम पाणी पुरतं. हिवाळ्यात टाकीचं पाणी १२ अंशांवर आलं की त्याच बादलीला पावणेबारा लिटर गरम पाणी लागतं. २५ लिटरमध्ये उन्हाळ्यात तीन बादल्या निघतात, हिवाळ्यात दोनच. तापायलाही वेळ लागतो. २ किलोवॅटची कॉइल २५ लिटर पाणी उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या आत ६० अंशांवर नेते, हिवाळ्यात तिला ४० मिनिटांहून जास्त लागतात. पहाटे व्होल्टेज २३० ऐवजी २०० असलं तर तीच कॉइल दीड किलोवॅटचंच काम करते आणि हाच वेळ ५५ मिनिटांवर जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा सकाळच्या बातम्यांत ऐकलात आणि तो एक आकडी असला, की त्या दिवशी दोन अंघोळींनंतर २० मिनिटं थांबून मग तिसऱ्याला पाठवा.

राहिलेला निम्मा दोष क्षाराचा. तडतड आवाज त्याचाच. जड पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना दगडासारखा कॉइलवर बसतो. त्या थराखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं, म्हणून आवाज. कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि जळते. थर्मोस्टॅटची नळीही त्या थरात गुरफटते, मग तिला खरं तापमान कळत नाही आणि टाकी पुरती गरम होण्याआधीच वीज तुटते. शिवाय सहा वर्षांचा गाळ तळाला आहेच, तेवढी जागा पाण्याला कमी.

हे साफ करायला जाणता माणूस बोलवा, पण समोर उभं राहून करून घ्या. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा खटका पाडायचा, नुसतं बटन नाही. पाणी गार होऊ द्यायचं, येणारा कॉक बंद करून टाकी रिकामी करायची. खालचं झाकण पान्याने उघडलं की कॉइल हातात येते. एक लिटर गरम पाण्यात मूठभर लिंबूफूल, म्हणजे किराण्यात ढोकळ्यासाठी मिळतं ते, घालून कॉइल त्यात काही तास बुडवायची. जोडणीची टोकं पाण्याबाहेर राहतील असं बघायचं. थर बुडबुडे येऊन सुटतो. संडास धुवायचं ॲसिड कुणी आणलं तर हात धरा, ते कॉइलच खातं. टाकीच्या आत काचेसारखा लेप असेल तर स्क्रू ड्रायव्हरने खरवडू देऊ नका. लेपाला टवका गेला की तिथून गंज धरतो आणि मग टाकी बदलण्याशिवाय इलाज नाही.

कॉइलच्या शेजारी मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. त्याच्याबद्दल मला ममत्व आहे. टाकीच्या लोखंडाऐवजी तो स्वतः झिजतो. बोरच्या पाण्यात वर्ष-दोन वर्षांत संपतो, आणि तो संपला की पाणी टाकीचं लोखंड खायला लागतं. तुमच्या रॉडची आता फक्त मधली तार उरली असेल. नवा बसवा, झाकणाचं रबर नवं घाला आणि पुढे दरवर्षी हे करत जा.

झाकण बसवून गिझर पुन्हा चालू करताना क्रम चुकू नये. आधी टाकी भरायची. गरम नळातून अखंड धार आली, हवेचे फुत्कार थांबले, की मगच वीज. कोरडी कॉइल मिनिटभरात जळते.

विजेचंही त्याच दिवशी बघून घ्या. थ्री-पिन टॉप काळा पडला आहे का? मग टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला. १६ अँपिअरचं सॉकेट, वायर २.५ चौरस मिलिमीटरची, आणि अर्थिंग नुसतं भोकात नको, जमिनीपर्यंत पोचलेलं हवं. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच नसेल तर या दिवाळीला कपडे थोडे कमी घ्या आणि तो बसवा. असेल तर त्याचं ‘टी’ बटन दाबून तो पडतो का ते बघा. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या माणसाचा जीव तो वाचवतो.

हे सगळं वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात उरका. नरकचतुर्दशीच्या पहाटे गिझर बंद पडला की त्या दिवशी तुम्हाला एकही कारागीर मिळणार नाही.

प्रश्न : आम्ही नाशिकरोडला फ्लॅटमध्ये राहतो. गॅस गिझर बाथरूमच्या आतच आहे. हिवाळ्यात वारा येतो म्हणून खिडकीच्या काचा बंद करून फटींना कापड लावतो. गेल्या वर्षी सासूबाईंना अंघोळ झाल्यावर दोनदा चक्कर आली, डोकं दुखलं. डॉक्टरांनी बीपी तपासलं, ते ठीक होतं. गिझरचे सेल बदलून सर्व्हिसिंग करून घेतलं की पुरे ना?

उत्तर : नाही, पुरे नाही. तुमच्या सासूबाई दोनदा थोडक्यात वाचल्या आहेत असं मी समजतो, आणि तुम्हीही तसंच समजा.

गॅस जळायला हवा लागते. बंद बाथरूममधली हवा संपत आली की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातली ताकद जाते. दार उघडायचं असतं हे कळतं, पण हात कडीपर्यंत जात नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, त्यात बऱ्याचदा नवं लग्न झालेली जोडपी असतात, कधी शाळेत जायला तयार होणारी मुलगी असते. प्रत्येक वेळी दार आतून बंद असतं, खिडकीही बंद असते.

गिझर बाथरूमबाहेर काढा. कोरड्या बाल्कनीत, मोकळ्या हवेत लावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणा. सोसायटीचा प्लंबर अर्ध्या दिवसात करतो. सिलिंडरही तिथेच, मोकळ्यावर. हे होईपर्यंत गिझर लावलाच तर दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरायची, गिझर आणि सिलिंडरचा कॉक बंद करायचा, हवा खेळू द्यायची, मग अंघोळीला जायचं. गिझर चालू ठेवून शॉवर नाहीच. खिडकीच्या फटींतलं कापड आजच काढा. सासूबाईंना गार वारा लागतो हे खरं आहे, तर त्यांना दुपारी बारा वाजता अंघोळ घाला.

एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असंही काही जण सांगतात. खिडकी बंद असेल तर तोच फॅन गिझरवरून निघणारा धूर उलटा खोलीत ओढू शकतो.

सर्व्हिसिंग तरीही करा. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी, लवलवणारी दिसली की बर्नर साफ करून घेतल्याशिवाय वापरू नका. आणि घरात सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवा : आतला माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट बघायची नाही. दार तोडायचं, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा आणि १०८ ला फोन लावायचा. डॉक्टरांना ‘बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण ते सांगितलं नाही तर ते बीपीच तपासत बसतील.

प्रश्न : काका, अहिल्यानगरला गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सोलर आहे. डिसेंबरात सकाळी पाणी जेमतेम कोमट येतं. सोलर जुना झाला का?

उत्तर : आधी धूळ बघा. पावसाळा संपल्यापासून नळ्या पुसल्याच नसतील. उजाडायच्या आधी, नळ्या गार असताना धुवा. भर उन्हात गार पाणी ओतलं तर काच तडकते. मग प्रत्येक नळीचं खालचं टोक बघा, तिथे आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर नळीतली निर्वात जागा गेली, ती नळी बदला.

मग २२ डिसेंबरच्या आसपास दुपारी गच्चीवर जा. तेव्हा तुमच्याकडे सूर्य भर माध्यान्हीलाही ४७-४८ अंशांपेक्षा वर चढत नाही. उन्हाळ्यात डोक्यावर असताना न पडणारी सावली आता पडते. दक्षिणेकडे दोन मीटर उंच पाण्याची टाकी किंवा जिन्याचं डोकं असेल, तर दुपारी बाराला त्याची सावली जवळपास तेवढीच लांब असते, सकाळी-संध्याकाळी कितीतरी जास्त. अशी सावली पडत असेल तर सोलर हलवावा लागेल, नळ्या बदलून उपयोग नाही. आणि गच्चीपासून खालपर्यंत येणारी नळी उघडी असेल तर तिला काळ्या फोमची नळी चढवा. रात्रभर त्या नळीत जे पाणी उभं असतं, तेच सकाळी पहिलं येतं.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे दोन वर्षं शिमल्यात आहे. जानेवारीत तीन आठवडे गावी येणार. भाड्याच्या घरात १५ लिटरचा गिझर आहे. परत येईन तेव्हा तो फुटलेला नसावा म्हणून काय करून यायचं?

उत्तर : ताई, लष्कराच्या एमईएसमध्ये, म्हणजे बांधकाम-दुरुस्ती बघणाऱ्या खात्यात असताना मी लेहमध्ये दोन हिवाळे काढले. तिथे रात्री उणे २० पर्यंत पारा सहज जातो. आम्ही पहिल्याच आठवड्यात एक शिकलो : बर्फ होताना पाणी ९ टक्के फुगतं, आणि ते अडवण्याची ताकद तांब्यात नाही, पितळेत नाही आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी (जीआय) पाइपातही नाही. नळी फुटते रात्री, पण कळतं ऊन पडून बर्फ वितळल्यावर, जेव्हा घरभर पाणी होतं.

शिमल्याची थंडी लेहइतकी नाही, तरी पारा शून्याखाली उतरतो. तीन आठवडे घर बंद राहणार असेल तर गिझरमध्ये पाणी ठेवूच नका. निघण्याच्या आदल्या रात्री नाही, निघायच्या दिवशी सकाळी हे करा. मेन स्विच पाडा. घराचा मुख्य कॉक बंद करा. गरम-थंड सगळे नळ उघडा, गिझरच्या वॉल्व्हची दांडी उचलून टाकी पूर्ण रिकामी करा. संडासाची फ्लश टाकी दाबून रिकामी करा, मोरीच्या जाळीखालच्या पाण्यात मूठभर मीठ टाका. नळ उघडेच ठेवून कुलूप लावा. घरमालकाला सांगून ठेवा, नाहीतर ते काळजीने मुख्य कॉक उघडतील.

परत आल्यावर थंडीने कुडकुडत पहिलं बटन गिझरचं दाबू नका. मी हे सगळ्यात जास्त वेळा झालेलं पाहिलं आहे. टाकी रिकामी असते आणि कॉइल जळते. कॉक हळू उघडा, नळ्यांच्या बाजूने फिरून कुठे झिरपतंय का बघा, गरम नळाला अखंड धार लागू द्या, मग बटन.

राहत असताना एखाद्या सकाळी नळ उघडला आणि पाणीच आलं नाही, तर नळी गोठली आहे. तेव्हाही गिझर लावू नका. वॉल्व्हचं तोंडही बर्फाने बंद असू शकतं, आणि मग निफाडच्या ताईंना लिहिलं तोच धोका. नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूने सुरुवात करत गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळत मागे मागे जा. मेणबत्ती किंवा स्टोव्ह नळीखाली धरू नका.

प्रश्न : आजीचा तांब्याचा बंब माळ्यावर सापडला. कोल्हापूरच्या आमच्या वाड्यात मागे अंगण आहे. दिवाळीत पेटवता येईल का? कल्हई लावावी लागेल?

उत्तर : नक्की पेटवा. अंघोळीच्या पाण्याला कल्हई लागत नाही, ती स्वयंपाकाच्या भांड्यांना. चिंचेने घासा, आतला चुन्याचा थर चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजवून काढा. मग अंगणात ठेवून काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी खालची फरशी ओली दिसली तर मधल्या धुराड्याच्या नळीचा सांधा सुटलेला असतो, तांबटाकडून तो झाळून घ्या. कोल्हापुरात तांबट अजून आहेत.

विस्तव घालायच्या आधी बंब भरलेला हवा. रिकामा पेटवला तर झाळलेला सांधा वितळतो. गरम पाणी काढाल तितकंच गार पाणी वरून घालत राहा. जाळीवर सुकी लाकडं किंवा नारळाच्या करवंट्या घाला, राख रोज काढा. आणि बंब अंगणातच राहू द्या. पाऊस आला म्हणून बंद न्हाणीघरात पेटता बंब नेऊ नका, त्याचा धूर आणि नाशिकरोडच्या गिझरचा धूर सारखाच आहे. पाणी बादलीत काढून आत न्या.